ऑनलाइन बँकिंग सुरू करताय? आधी ही तयारी करा

नवीन माणसाने यूपीआय किंवा मोबाइल बँकिंग सुरू केलं की घरातले सगळे एकच गोष्ट बजावतात: ओटीपी कुणाला देऊ नका. सल्ला खरा आहे, पण आता तेवढ्याने भागत नाही. फसवणारे बऱ्याचदा ओटीपी विचारतच नाहीत. ते तुमच्याकडून एक फाइल उघडून घेतात, एखादा एसएमएस पाठवून घेतात, नाहीतर पिन तुम्हालाच दाबायला लावतात. बँकेच्या यंत्रणेला दिसतं ते इतकंच: फोन बरोबर, सिम बरोबर, पिन बरोबर. मग ती पैसे सोडते.

शिवाय चोवीस तास सावध कुणालाच राहता येत नाही. संध्याकाळी कुर्ल्याला गर्दीच्या गाडीत शिरताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, किंवा केईएम रुग्णालयाच्या बाकावर कुणाच्या तरी रिपोर्टची वाट बघताना फोन आला, तर त्याला दिलेलं उत्तर आणि घरी निवांत बसून दिलेलं उत्तर सारखं नसतं. म्हणून आमचा भर मांडणीवर आहे. खाती आणि फोन असे लावून ठेवायचे, की एखाद्या दिवशी चूक झालीच तर पाच-दहा हजारांवर निभावेल आणि जन्माची पुंजी शाबूत राहील.

आधी खाती वेगळी करा

सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात कमी लोक करतात तीही हीच. दोन बचत खाती ठेवा. पगार किंवा पेन्शन, मुदत ठेवी, साठवलेले पैसे एका खात्यात. हे मुख्य खातं. दुसरं खातं खर्चाचं. दर महिन्याच्या सुरुवातीला त्यात भाजी, दूध, रिक्षा, बिलं यांना लागेल तेवढीच रक्कम टाकायची, समजा दहा-पंधरा हजार. यूपीआय फक्त या दुसऱ्या खात्याला जोडायचं.

इथे एक अडचण येते. यूपीआय ॲपमध्ये बँक निवडली की तुमच्या मोबाइल नंबराशी जोडलेली त्या बँकेतली सगळी खाती ॲप शोधून दाखवतं. 'होय, होय' करत पुढे गेलात तर मुख्य खातंही जोडलं जातं. ते जोडू नका; जोडलं गेलं असेल तर ॲपमधल्या बँक खात्यांच्या यादीत जाऊन काढून टाका. खर्चाचं खातं वेगळ्याच बँकेत काढलं तर हा प्रश्नच उरत नाही.

मुदत ठेवीतले पैसे सुरक्षित आहेत असं अनेकांना वाटतं. तुमच्या मोबाइल बँकिंगमध्ये शिरलेला माणूस ठेव ऑनलाइन मोडू शकतो, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावर उसने पैसे, काढू शकतो, ॲपमध्ये आधीच मंजूर दाखवलेलं वैयक्तिक कर्जही दोन मिनिटांत उचलू शकतो. मग खात्यात नव्हते ते पैसेही जातात आणि हप्ते तुमच्या गळ्यात पडतात. शाखेत जाऊन तीन प्रश्न विचारा. मुख्य खात्याची नेटबँकिंग फक्त बघण्यापुरती ठेवता येईल का? ठेव फक्त शाखेतूनच मोडता येईल अशी सोय आहे का? मंजूर कर्जाची ऑफर बंद करता येईल का? सगळ्या बँकांत तिन्ही गोष्टी मिळतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

आता मर्यादा. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. परदेशी व्यवहार बंद करा. ऑनलाइन खरेदी कार्डाने करत नसाल तर तेही बंद. टॅप करून पाच हजारांपर्यंत पिन न विचारता पैसे जातात. गर्दीत कार्ड पडण्याची भीती असेल तर तेही बंद ठेवलेलं बरं. यूपीआयची रोजची कमाल मर्यादा साधारणपणे एक लाख असते, पण तुम्हाला तेवढी लागत नाही. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये मर्यादा खाली आणायची सोय असेल तर ती पाच किंवा दहा हजारांवर आणा. नेटबँकिंगचीही तशीच. लग्न, फी, दवाखाना आला की त्या दिवसापुरती वाढवता येते.

बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर जुना, आता वापरात नसलेला असेल तर तो आजच बदलून घ्या. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते. मग तुमच्या खात्याचे ओटीपी आणि सूचना त्या अनोळखी माणसाला जाऊ लागतात. दर व्यवहाराचा एसएमएस आणि ईमेल दोन्ही येतात ना, हे दहा रुपयांचा व्यवहार करून तपासा. पैसे गेल्यावर तक्रारीचे दिवस याच सूचनेपासून मोजले जातात.

मग फोन

फोनचं कुलूप, बँकेच्या ॲपचा पिन आणि यूपीआयचा पिन हे तीन आकडे तीन वेगवेगळे हवेत. लोकलमध्ये मागे उभा असलेला माणूस तुम्ही फोन उघडताना आकडा बघतो आणि दोन स्टेशनांनी फोन हिसकावून उतरतो. एकच आकडा सगळीकडे असेल तर त्याचं सगळं काम तिथेच झालं. जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४ हे नको. आणि पिन फोनच्या नोंदवहीत किंवा 'एटीएम सुनील' असल्या नावाने संपर्कांत लिहून ठेवू नका; चोर सगळ्यात आधी तिथेच बघतो.

सिमला पिन लावा. ही गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. तुमचा फोन कुलूपबंद असला तरी चोर त्यातलं सिम काढून आपल्या फोनमध्ये घालतो. आता तुमचे सगळे ओटीपी त्याला. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये घातल्याबरोबर ते पिन मागतं. सेटिंगमध्ये सुरक्षा किंवा सिमच्या विभागात 'सिम लॉक' असं असतं. ते चालू करताना आधी कंपनीचा मूळ पिन विचारला जातो. तो कंपनीप्रमाणे वेगळा असतो. कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकलं की सिम अडतं आणि पुढे पीयूके नावाचा आठ आकडी क्रमांक लागतो. मूळ पिन टाकून झाला की लगेच आपला नवा ठेवा.

कुलूप लागलेल्या पडद्यावर एसएमएसचा मजकूर दिसत असेल तर तो बंद करा. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये 'संवेदनशील मजकूर लपवा' असा पर्याय असतो. नाहीतर टेबलावर ठेवलेल्या कुलूपबंद फोनवरूनही ओटीपी वाचता येतो.

अँड्रॉइड फोनमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' अशी परवानगी ॲपनिहाय असते. व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या तिन्हींसमोर ती बंद हवी. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲपं शोधणारी सोय, चालू हवं. आणि एसएमएस वाचायची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ती यादी एकदा उघडून बघा. टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या ॲपला तुमचे एसएमएस वाचायचं काही कारण नाही.

स्टेशनवरच्या फुकट वायफायबद्दल बरंच घाबरवलं जातं. बँकेची ॲपं आपली माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात, तेव्हा आमच्या मते खरा धोका तिथे फारसा नाही. मोबाइल डेटा वापरा, विषय संपला.

कोणती चावी कोणतं कुलूप उघडते

ओटीपी, पिन, सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा गुप्त आकडा) हे सगळे शब्द एका दमात सांगितले जातात, त्यामुळे त्यांतला फरक कळत नाही आणि माणूस नेमका तिथेच फसतो.

यूपीआय पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून बाहेर जातात, शिल्लक दिसते, किंवा दरमहा कापल्या जाणाऱ्या ऑटोपेला मंजुरी मिळते. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. 'रिफंड येतोय, पिन टाका' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. जुना सोफा विकायला काढलेल्यांना 'क्यूआर पाठवतो, स्कॅन केलं की पैसे येतील' असं सांगतात. क्यूआर स्कॅन करून तुमच्या पडद्यावर पैसे देण्याचंच पान उघडतं.

यूपीआयचा पिन नव्याने ठेवण्यासाठी काय लागतं? डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि एक ओटीपी. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात. दुसरा मार्ग आधारच्या ओटीपीचा. म्हणजे 'फक्त खात्री करून घ्यायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे सांगा, पूर्ण नंबर नको' असं कुणी गोड आवाजात म्हटलं, तर तो तुमचा नवा पिन ठेवायला बसला आहे. पूर्ण नंबर त्याला नकोच आहे.

तिसरी चावी अनेकांना माहीतच नसते. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना ते ॲप स्वतःच त्या फोनमधून एक एसएमएस पाठवतं. अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक, अर्थहीन ओळ. ती तुमच्या सिमवरून गेली की यंत्रणा समजते, हा फोन आणि हे सिम एकाच माणसाचं. फसवणारा आपल्या फोनवरची ती ओळ तुम्हाला पाठवतो आणि म्हणतो, 'हा मेसेज अमुक नंबरवर फॉरवर्ड करा, तक्रार नोंदेल.' तुम्ही फॉरवर्ड केलात की तुमचं यूपीआय त्याच्या फोनवर उभं राहतं. समजत नसलेला मजकूर कुणाच्या सांगण्यावरून कुठेही पाठवू नका.

नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिले चोवीस तास पाच हजारांचीच मर्यादा असते, ती हीच चोरी रोखण्यासाठी. तुमच्या फोनवर अचानक 'दुसऱ्या उपकरणावर नोंदणी झाली' असा एसएमएस आला तर ते चोवीस तास हातात आहेत असं समजून लगेच बँकेला फोन लावा.

ओटीपीचा एसएमएस पूर्ण वाचायची सवय लावा. त्यात बहुतेक वेळा रक्कम असते, दुकानाचं नाव असतं, किंवा 'नवा लाभार्थी जोडण्यासाठी' असं कारण असतं. सांगणारा म्हणतोय 'कार्डाचे पॉइंट वटवायला' आणि एसएमएसमध्ये लिहिलंय ४९,९९९ रुपये. आपण घाईत फक्त सहा आकडे शोधतो आणि आजूबाजूची ओळ सोडून देतो. खरं उत्तर त्या ओळीत असतं.

बिलाच्या नावाने येणारी फाइल

मुंबईत सध्या नव्या माणसाला या फाइलची जास्त धास्ती बाळगायला हवी. संदेश येतो: 'मागच्या महिन्याचं बिल जमा झालेलं नाही, आज रात्री जोडणी तोडली जाईल.' वीज असेल, पाइप गॅस असेल, गाडीचं ई-चलन असेल, नाहीतर लग्नाची पत्रिका. सोबत एक फाइल. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' ही अक्षरं असतात. पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो असतो. एपीके म्हणजे ॲप. बिल कधी ॲप असतं का?

फाइल दाबल्यावर फोन थांबवतो आणि सांगतो की या ठिकाणाहून ॲप घ्यायची परवानगी नाही. शेजारीच 'सेटिंग' असं बटण असतं. हा फोनचा शेवटचा रखवालदार. ते बटण दाबून परवानगी दिली की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि पुष्कळदा त्याचं चित्र पडद्यावरून गायब होतं. तुम्हाला वाटतं, काही झालंच नाही. मागे तुमचा प्रत्येक एसएमएस दुसरीकडे जाऊ लागलेला असतो. असा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंच्या नंबरवरूनही येऊ शकतो, कारण त्यांचा फोन आधीच बाधित झालेला असतो आणि तो स्वतःहून सगळ्यांना फाइल पाठवत असतो. ओळखीचा नंबर म्हणजे खात्री, असं धरून चालू नका.

बिल बाकी आहे का हे बघायचं असेल तर स्वतः कंपनीच्या ॲपमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या पेमेंट ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाका. ग्राहक क्रमांक कागदी बिलावर असतो. संदेशातल्या लिंकने किंवा नंबराने काहीही करू नका.

फाइल उघडून बसलात तर क्रम असा:

१. ताबडतोब फ्लाइट मोड, आणि वायफाय चालू राहिलं असेल तर तेही बंद. एसएमएस आणि इंटरनेट दोन्ही थांबतात.
२. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय थांबवायला सांगा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला.
३. ॲप काढायचा प्रयत्न करा. 'काढा' हे बटण फिकट दिसत असेल तर त्याने 'डिव्हाइस ॲडमिन'चा अधिकार घेतलाय. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये तो आधी काढावा लागतो.
४. फोटो आणि कागदपत्रं संगणकावर उतरवून फोन पूर्ण रिसेट करा. नुसतं ॲप काढून समाधान मानू नका.

पडदा दुसऱ्याला दाखवणाऱ्या ॲपांचंही असंच. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही कामाची, प्रामाणिक ॲपं आहेत, पण 'मदत करतो' म्हणणाऱ्याने ती घ्यायला लावली तर तुमचा पडदा तो बघतो आहे. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरही पडदा दाखवता येतो, त्यामुळे वेगळं ॲप मागितलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बँकेचा कर्मचारी तुमचा पडदा बघायला मागत नाही.

फोनवरचे पोलीस

घरात एकटं राहणारे ज्येष्ठ असतील, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत असतील, तर पुढचं त्यांना वाचून दाखवा.

फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेश, मागे अशोकस्तंभ, टेबलावर फायली. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कुणाला सांगायचं नाही, नाहीतर त्यांनाही अटक होईल.' पुढे 'पडताळणीसाठी' सगळी रक्कम एका 'सरकारी' खात्यात भरायची, तपास झाला की परत. ज्येष्ठांना शाखेत पाठवून, फोन खिशात चालू ठेवून, ठेवी मोडून आरटीजीएस करायला, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायला लावतात.

डिजिटल अटक असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय, यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि तपासासाठी खात्यात पैसे भरून घेत नाही.

कॉल कापायचा. धीर होत नसेल तर ११२ लावायचा, किंवा सरळ चपला घालून जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. खरी चौकशी असेल तर तिथे कळेलच. आणि शाखेतल्या काउंटरवरच्या माणसाने 'आजी, एवढी रक्कम कुणाला पाठवताय?' असं विचारलं तर रागावू नका. काउंटरवरच्या माणसाला काय खोटं सांगायचं, हे फोनवरच्या लोकांनी ज्येष्ठांना पढवलेलं असतं. तो प्रश्न ज्येष्ठांना वाचवणारा आहे; त्याला खरं उत्तर द्या.

कुरियरच्या नावाने येणारा आणखी एक फोन आहे: 'पार्सल अडकलंय, स्टार एकवीस स्टार आणि हा नंबर डायल करा.' असं केल्यावर तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात आणि फोनवरून सांगितले जाणारे ओटीपी त्याला मिळतात. *#२१# डायल केलं की वळवणी चालू आहे का दिसतं. ##००२# डायल केलं की सगळी वळवणी रद्द होते.

व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरच्या शेअरबाजाराच्या ग्रुपबद्दल एवढंच: पहिल्या खेपेला दोन-तीन हजारांचा नफा खरोखर काढू देतात, म्हणून विश्वास बसतो. पैसे एखाद्या भलत्याच माणसाच्या किंवा अनोळखी ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात मागितले की फसवणूक आहे हे समजून जा.

रोजच्या व्यवहारातल्या खुणा

पैसे पाठवताना यूपीआय आता बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्येही खातेधारकाचं नाव बघायची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पासून देणं अपेक्षित आहे. नाव वाचा, मग पिन टाका. मोठी रक्कम पहिल्यांदाच कुणाला पाठवत असाल, घराचं डिपॉझिट वगैरे, तर आधी एक रुपया पाठवा, समोरच्याला फोन करून मिळाला का विचारा, मग उरलेली.

बँकेची वेबसाइट सर्चमधून उघडू नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. पत्ता वाचायचा तो सुरुवातीचं 'https://' सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपासून मागे. त्या रेघेच्या लगेच आधी 'डॉट बँक डॉट इन' हवं. बँकेचं नाव सुरुवातीला आणि शेवट भलताच, असं असेल तर ते पान बँकेचं नाही.

कस्टमर केअरचा नंबरही सर्चमधून घेऊ नका; तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. डेबिट कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो तोच खरा. बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत, जाहिरातीच्या कॉलसाठी १४०. बँकेचा एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून येत नाही. नावाच्या शेवटी रेघ देऊन पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात. केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची, सूचना म्हणून दहा आकडी नंबरवरून आलेला संदेश उघडायचंही कारण नाही. केवायसी शाखेत जाऊन करता येतं.

दुकान चालवणाऱ्यांसाठी दोन ओळी: सकाळी शटर उघडलं की क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवलाय का ते नखाने खरवडून बघा, आणि ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा टिक पुरावा धरू नका. दुकानातल्या साउंडबॉक्सचा आवाज आला किंवा तुमच्या फोनवर सूचना आली, तरच पैसे आले.

कॉलेजातल्या मुलांना सांगायला हवं: कुणी तुमचं खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिन्याला पाच-दहा हजारांत 'वापरायला' मागेल. त्यातून चोरीचे पैसे फिरतात आणि गुन्ह्यात नाव तुमचं येतं. खातं भाड्याने देऊ नका.

पैसे गेले तर: पहिला तास

चोरीचे पैसे एका खात्यातून चार, चारांतून बारा खात्यांत जातात आणि एटीएममधून निघतात. मधल्या एखाद्या खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. लाज, नवऱ्याला किंवा सुनेला काय सांगू ही भीती, 'उद्या बघू', यात तो तास जातो.

आधी १९३० लावा. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे; ती पोलिसांना आणि बँकांना जोडलेली आहे. नंबर व्यस्त लागला तर दुसऱ्या फोनवरून घरातल्या कुणाला तरी लावत राहायला सांगा, आणि तुम्ही तोवर बँकेला लावा. हाताशी ठेवायचं: खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. शिवाय समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी. चॅट काढून टाकू नका, स्क्रीनशॉट घ्या.

मग 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि पोचक्रमांक लिहून ठेवा. मुंबईत विभागांप्रमाणे पाच सायबर पोलीस ठाणी आहेत, पण पहिल्या दिवशी ती शोधत फिरायची गरज नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो.

बँकेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत दिली तर साध्या बचत खात्यासाठी ती जास्तीत जास्त १०,००० रुपये, मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्यासाठी ५,०००. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. मुंबईत अनेकांची खाती सहकारी बँकांत आहेत, त्यांनी हे शाखेत आवर्जून सांगावं.

पिन किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं धरलं जातं. तक्रार केल्यानंतरचं बँकेचं. म्हणून स्वतःची चूक असली तरी तक्रार लवकर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे 'सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन'वर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८.

लोकलमध्ये फोनच गेला तर क्रम थोडा बदलतो. शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून सगळ्यात आधी सिम बंद करा, मग बँकेला फोन, मग यूपीआय थांबवा. उतरून रेल्वे पोलिसांकडे तक्रार. तिची प्रत घेऊन त्याच नंबराचं नवं सिम, आणि 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, अडवा. आयएमईआय आजच *#०६# डायल करून मिळवा आणि कागदावर लिहा. बँकेचा नंबर, १९३० आणि सिम कंपनीचा नंबरही त्याच कागदावर. कागदाची एक प्रत पाकिटात, एक घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, कारण हे नंबर लागतात तेव्हा फोन हातात नसतो.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. 'तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला पाच टक्के शुल्क भरा.' हा माणूस स्वतःला वकील, सायबर अधिकारी किंवा रिझर्व्ह बँकेचा म्हणवतो, आणि तुमची रक्कम, तारीख सगळं अचूक सांगतो, कारण बऱ्याचदा तो त्याच टोळीतला असतो. पैसे परत मिळवण्यासाठी कुणालाही पैसे भरावे लागत नाहीत. त्याचा नंबर लिहून घ्या आणि तपास अधिकाऱ्याला द्या.